पाहायला या, आमच्या गल्लीत दिवे लागलेत

भाऊबीज आटोपली की झाडीपट्टीत मंडयांचे दिवस सुरू होतात. आज या गावची मंडई, उद्या शेजारच्या गावची, परवा आणखी पुढच्या. कुठल्या गावची मंडई कधी, हे गोंदिया-भंडाऱ्याकडच्या माणसाला कुणी छापून द्यावं लागत नाही. पाहुण्यांच्या तोंडून ते कळतं आणि त्यावर लेकीबाळींचं माहेरी येणं ठरतं, सोयरिकीची बोलणी ठरतात, रात्रीच्या दंडारीला आणि नाटकाला कोण कुणाच्या घरी उतरणार ते ठरतं. सगळ्या गावांनी एकाच दिवशी मंडई भरवली तर कोण कुणाकडे जाणार? म्हणून गावागणिक दिवस वेगळे. पाहण्यासारखं कुठे काय आहे आणि ते केव्हा पाहायला जायचं, याची ही तोंडी यादी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

दिवाळीच्या रोषणाईची मात्र अशी यादी नाही. ती व्हावी आणि फुलचूरसारख्या गावात व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

फुलचूर गोंदिया शहराला लागून आहे, आणि त्याला जोडून फुलचूरपेठ. जुन्या वस्तीत अजून अंगण आणि सडा-सारवण आहे, तर पलीकडे लेआऊट पडून दोन मजली, गच्चीची घरं उभी राहिली आहेत. कुणी नोकरीमुळे आला, कुणी मुलांच्या शाळेसाठी. पोवारी बोलणारं घर, झाडीबोली बोलणारं घर, हिंदी बोलणारं घर एकाच गल्लीत सापडतं. जुन्या गावात कुणाच्या घरी काय चाललंय ते सगळ्यांना ठाऊक असायचं. नव्या लेआऊटमध्ये तिसऱ्या प्लॉटवर कोण राहतं हेही माहीत नसतं. दिवाळीत प्रत्येक जण गच्चीवरून माळा सोडतो, कंदील टांगतो, आणि ते पाहायला गल्लीतलीच चार माणसं. बाकीचे मोटारसायकल काढून गोंदियाच्या बाजारात, गोरेलाल चौकाकडे गर्दीत जातात. घरामागच्या गल्लीत कुणी बांबूच्या कामट्यांचा कंदील स्वतः बांधलाय, हे त्यांच्या कानावरही येत नाही.

घरांची रोषणाई पाहत फिरण्याची आणि त्या घरांची यादी करण्याची चाल अमेरिकेत चांगलीच रुजली आहे. तिची सुरुवात विजेच्या दिव्याइतकीच जुनी म्हणता येईल. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने १८८२च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी नाताळच्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० विजेचे दिवे लावले. दिवे हाताने जोडलेले होते आणि झाड विजेवर गोल फिरत होतं. तोवर तिथे झाडावर मेणबत्त्या लावत आणि शेजारी पाण्याची बादली ठेवत. पुढे दिवे घराबाहेर आले. कॅलिफोर्नियातल्या अल्टाडेना गावात सांता रोझा अॅव्हेन्यू या रस्त्याच्या दुतर्फा मोठी झाडं आहेत. १९२०मध्ये गावकऱ्यांनी त्यांच्यावर दिवे चढवले आणि ती प्रथा आजही चालू आहे. ही झाडं देवदाराची आहेत, म्हणजे मूळची आपल्या हिमालयातली. व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात तर भडक सजावटीच्या घरांची यादी दर वर्षी निघते आणि लोक गाड्या भरून ती घरं पाहत फिरतात.

या कौतुकाला दुसरी बाजूही आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधली डायकर हाइट्स ही वस्ती घरांच्या रोषणाईसाठी इतकी गाजली की डिसेंबरात तिथे बसगाड्या भरून पर्यटक उतरू लागले. रस्ते तुंबले, फेरीवाले आले, आणि तिथे राहणाऱ्यांनाच आपल्या दारात गाडी नेणं अवघड झालं. यादी कुणासाठी करायची, हे आधी ठरवायला हवं ते यामुळे. फुलचूरची यादी फुलचूरकरांसाठी, त्यांच्या पाहुण्यांसाठी आणि फार तर कुडवा, कटंगीच्या शेजाऱ्यांसाठी असावी. गर्दी खेचणं हा तिचा हेतूच असू नये.

आपल्याकडेही रोषणाईचे काही पत्ते सगळ्यांना ठाऊक आहेत. डोंबिवलीत दिवाळीच्या पहाटे तरुण मंडळी फडके रोडवर जमतात. मुंबईत माहीमच्या कंदील गल्लीत दिवाळीआधी आकाशकंदिलांची बाजारपेठच उभी राहते. इंग्लंडमध्ये लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरची दिवाळी पाहायला दूरदूरची भारतीय कुटुंबं येतात. पण हे सगळे बाजाराचे आणि हमरस्त्याचे दिवे. घराच्या दिव्यांचं मोल वेगळं आहे. ते कुणीतरी स्टुलावर चढून, खिळा ठोकून, खालून 'अजून थोडं डावीकडे' असं ऐकत लावलेले असतात.

आपली जुनी पद्धत पाहिली तर आकाशदिवा आश्विन पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत, महिनाभर लावायचा असतो. उंच बांबूच्या टोकाला तो चढवायचा आणि रोज संध्याकाळी पेटवायचा. म्हणजे लांबून दिसावं हीच त्याची कल्पना. आज बहुतेक घरांत तो भाऊबीजेनंतर आठवडाभरात उतरतो. यादी झाली तर निदान त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत कंदील टांगता ठेवायला एक निमित्त मिळेल. माझ्या मते फिरायला सर्वांत चांगल्या संध्याकाळी पाडवा आणि भाऊबीज या दोनच. लक्ष्मीपूजनाला घरोघरी पूजा असते, दारात फटाके असतात. त्या वेळी कुणाच्या फाटकाशी उभं राहणं बरं दिसत नाही आणि लहान मुलांना घेऊन फिरणं धोक्याचंही असतं.

आता यादी करायची कशी?

पहिली अट परवानगीची. दिवे रस्त्यावरून दिसतात म्हणून घर यादीत घालण्याचा हक्क मिळत नाही. दारात जाऊन विचारावं, 'काकू, तुमचं घर यादीत घालू का?' नको म्हणाल्या तर विषय संपला. घरमालकाचं नाव, फोन नंबर यादीत बिलकूल नको. गल्ली आणि खूण पुरेशी आहे. तसंही आपल्याकडे घर क्रमांकाने घर सापडत नाही. शाळेच्या मागची गल्ली, पाण्याच्या टाकीसमोरचं निळं फाटक, किराणा दुकानाला लागून कौलारू घर, असंच आपण सांगतो आणि माणूस बरोबर पोहोचतो. मोबाइलच्या नकाशावरची खूण गल्लीत घोटाळा करते. ती द्यावी, पण खालची ओळ वाचून घर सापडलं पाहिजे.

दुसरी गोष्ट चोरांची, आणि ती मी फार गंभीरपणे सांगतो आहे. दिवाळीत कितीतरी घरं कुलूप लावून गावाकडे जातात. यादीत जे घर आहे त्यात त्या संध्याकाळी माणूस असलाच पाहिजे. भाऊबीजेला बहिणीकडे जाणाऱ्यांनी फक्त पाडव्याची संध्याकाळ द्यावी, आणि यादीत प्रत्येक घरापुढे 'सात ते नऊ' अशी वेळ असावी. 'हे लोक बाहेरगावी आहेत' असं मात्र चुकूनही कुठे लिहू नये. फोटो घ्यायचे तर दिव्यांचे. दारात बसलेल्या मुलींचे, अंगणात खेळणाऱ्या पोरांचे फोटो यादीत जाता कामा नयेत.

तिसरी गोष्ट विजेची. पूर्वी रोषणाई म्हणजे 'झिरोच्या' रंगीत बल्बांची रांग. नाव झिरो असलं तरी तो बल्ब साधारण १५ वॅट वीज खातो. असे २० बल्ब म्हणजे ३०० वॅट. रोज ५ तास लावले तर दिवसाला दीड युनिट, पाच दिवसांत साडेसात. आजची एलईडीची एक माळ पाचेक वॅटची असते. तशा १० माळा तेवढाच वेळ पाच दिवस लावल्या तरी सव्वा युनिटच्या आसपास वीज लागते. त्यामुळे 'लायटिंग केलं की बिल येतं' ही भीती आता सोडून द्यायला हरकत नाही.

धोका मात्र कमी झालेला नाही. छोट्या बल्बांची जुनी सीरिज आठवा. २३० व्होल्ट एकामागोमाग जोडलेल्या ६ व्होल्टच्या बल्बांत वाटायचे म्हणून एका ओळीत अडतीस-चाळीस बल्ब लागत, आणि एक गेला की सगळी ओळ अंधारात. मग कोण तो एक बल्ब शोधत बसायचं. एलईडीच्या माळेने तो त्रास वाचवला, पण घरातल्या सॉकेटला लावलेल्या बहुतेक स्वस्त माळांच्या बारीक वायरमधून तीच घरची वीज वाहत असते. लोखंडी ग्रिलला गुंडाळलेली माळ, दोन माळांचा उघडा पीळ, त्यावर जेमतेम चिकटलेली टेप, आणि रात्री पडलेलं दव. या दिवसांत गोंदियाकडे पहाटे दव चांगलंच पडतं. हात ग्रिलला लागला तर शॉक बसू शकतो. म्हणून जोड घराच्या आत किंवा कोरड्या जागी घ्यावा, माळ लाकडावर किंवा प्लास्टिकच्या क्लिपवर टांगावी, आणि घराच्या बोर्डात ३० मिलिअँपियरवर तुटणारा आरसीसीबी आहे की नाही ते वायरमनला विचारून घ्यावं. खांबावर आकडा टाकून केलेली रोषणाई यादीत घेऊच नये. ती वीजचोरी आहे आणि जिवावरही बेतते.

फुलचूरच्या आसपास एक गोष्ट मुंबई-पुण्याच्या वाचकाला ठाऊक नसेल. दिवाळीच्या सुमाराला आमच्याकडे धान पिकत आलेलं असतं, आणि दिवे लागले की शेतातले तुडतुडे उजेडावर तुटून पडतात. पांढऱ्या बल्बखाली संध्याकाळी सातला उभं राहा, बल्ब दिसेनासा होतो इतके हिरवे बारीक किडे. जेवणाच्या ताटात पडतात, पणतीत पडतात, रांगोळीवर थर साचतो. शेतकरी याच सवयीचा उपयोग करून प्रकाश सापळे लावतो. घरी मात्र जेवताना ओसरीचा दिवा मालवावा लागतो. शेताच्या कडेच्या घरांनी पिवळसर, मंद दिवे लावावेत, झगझगीत पांढरे टाळावेत आणि दहाला सगळं बंद करावं. किडे कमी येतात. शिवाय पहाटे शेतावर जायचं असलेल्या शेजाऱ्याला झोप मिळते.

यादीत कोण असावं, हा सगळ्यात नाजूक प्रश्न. स्पर्धा ठेवू नये, क्रमांक काढू नयेत, बक्षीस तर नकोच. एकदा पहिला-दुसरा आला की ज्याच्याकडे पैसा त्याची गच्ची जिंकते, आणि पुढच्या वर्षी बाकीचे नाव द्यायला कचरतात. मला यादीत गच्चीवरून खाली सोडलेल्या शंभर माळाही हव्यात आणि सारवलेल्या अंगणात ओळीने लावलेल्या मातीच्या पणत्याही. घरी केलेल्या कंदिलाला तर वेगळी खूण द्यावी. बांबूच्या कामट्या तासायच्या, दोऱ्याने सांधे बांधायचे, खळ शिजवायची, पतंगाचा कागद ताणून चिकटवायचा, आणि शेवटी झिरमिळ्या. कागद ओला असताना जरा जास्त ताणला की वाळताना फाटतो, सैल राहिला की आतल्या दिव्याच्या उजेडात सुरकुत्या दिसतात. हे काम येणारी माणसं फुलचूरमध्ये अजून आहेत. त्यांच्या दारात दोन संध्याकाळी पोरं उभी राहिली तर पुढच्या वर्षी दोन-चार कंदील तरी गल्लीत वाढतील.

फिरणं पायीच असावं. एका फेरीत तासाभरात होतील इतकीच घरं घ्यावीत, म्हणजे मोटारसायकलींची रांग लागणार नाही. ज्या म्हाताऱ्या माणसांना चालवत नाही त्यांच्यासाठी गल्लीतल्याच एखाद्याने ई-रिक्षा काढावी. ज्यांच्या घरी यंदा दुःखाची दिवाळी आहे, त्यांच्या दारावरून आवाज न करता पुढे जावं. यादीत ते घर नसलं तरी वाटेवर असतं.

एवढं सगळं करायला कमिटी लागत नाही. चार-पाच घरांनी मिळून वसुबारसेला विचारपूस सुरू करावी, धनत्रयोदशीच्या संध्याकाळी गल्ल्यांतून एक फेरी मारून खुणा टिपाव्यात, आणि लक्ष्मीपूजनाच्या सकाळी एका पानाची यादी फोनवरून पाठवावी, चार प्रती किराणा दुकानाच्या आणि मंदिराच्या भिंतीवर लावाव्यात. पहिल्या वर्षी दहा घरं झाली तरी पुष्कळ. आणि यादीच्या तळाशी, ठळक अक्षरांत, महावितरणचा तक्रार क्रमांक १९१२ छापायला विसरू नका.