जयपूरवरून उडणारी विमाने इंधन का सोडत नाहीत

प्रवासी विमानाच्या कागदपत्रांत दोन वजने नोंदलेली असतात. एक उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन, दुसरे उतरतानाचे. दुसरे पहिल्यापेक्षा सहसा कमी असते. वाटेत इंधन जळणारच, हे गृहीत धरून विमानाचा सांगाडा आणि चाकांचे पाय घडवलेले असतात. बोईंग 777-300ईआर साडेतीनशे टनांहून अधिक वजन घेऊन उडू शकते, उतरताना मात्र सुमारे 251 टनांची मर्यादा असते. शंभर टनांची ही तफावत पंधरा-सोळा तासांच्या प्रवासात आपोआप मिटते. उड्डाणानंतर दहाव्या मिनिटाला इंजिन बिघडले किंवा एखादा प्रवासी अत्यवस्थ झाला, तर ती तशीच अंगावर राहते.

म्हणून जड विमान उतरूच शकत नाही, असे नाही. प्रमाणनाच्या नियमांनुसार कमाल उतरण-वजनाला सेकंदाला 10 फूट वेगाने जमिनीवर आदळण्याचा भार विमानाने सोसला पाहिजे. कमाल उड्डाण-वजनाला हाच आकडा 6 फूट. चांगला वैमानिक विमान याहून कितीतरी हळू टेकवतो. अशा जड अवतरणानंतर अभियंते चाके, पंखांचे सांधे आणि सांगाडा तपासतात, बहुतेक वेळा काहीच सापडत नाही, आणि विमान पुन्हा कामाला लागते. खरी अडचण वेगळीच असते. उतरता उतरता धावपट्टी सोडून पुन्हा वर जायची वेळ आली, आणि एक इंजिन बंद असले, तर एवढ्या वजनासह विमान पुरेसे वर चढेल का?

नियम याच प्रश्नाभोवती बांधलेला आहे. पूर्वी अमेरिकी नियमांत नुसते वजनांचे गुणोत्तर पाहत: उड्डाण-वजन उतरण-वजनाच्या 105 टक्क्यांहून जास्त असेल तर इंधन सोडण्याची यंत्रणा हवीच. 1960च्या दशकाच्या अखेरीस त्याऐवजी चढण्याची क्षमता पाहिली जाऊ लागली. पूर्ण भरून उडालेले विमान पंधरा मिनिटांत परत आले आणि तरीही ठरलेल्या चढाने वर चढू शकले, तर यंत्रणेची गरज नाही. दोन इंजिनांच्या विमानाला एकाच इंजिनावर चढता यावे लागते, त्यामुळे त्याच्याकडे मुळातच जादा ताकद असते. एअरबस 320 आणि बोईंग 737 यातूनच सुटली. जयपूरच्या सांगानेर विमानतळावरून मुंबई, पुणे, बंगळूरला जाणारी जवळपास सगळी विमाने याच दोन घराण्यांतली किंवा छोटी एटीआर. त्यांत इंधन सोडण्याची नळीच नसते. शिवाय जयपूर-मुंबई हे अंतर असे, की टाक्या पूर्ण भरण्याची वेळच येत नाही. तरीही अशी विमाने माघारी आली की ‘इंधन सोडून सुखरूप उतरले’ अशी बातमी अधूनमधून छापून येते. वर्तमानपत्रांच्या या सवयीला औषध नाही.

ज्यांच्यात यंत्रणा असते, त्या मोठ्या विमानांत ती दिसायला अगदी साधी आहे. दोन्ही पंखांच्या मागच्या कडेला, टोकाकडे, एकेक तोटी. पंखांतल्या आणि पोटाखालच्या टाक्यांतले पंप इंधन जाड नळ्यांतून तिकडे ढकलतात. 777च्या कॉकपिटमध्ये छताच्या पटलावर झाकणाखाली बटणे असतात. पहिले बटण यंत्रणा सज्ज करते, आणि किती इंधन शिल्लक ठेवायचे हा आकडा संगणक कमाल उतरण-वजनावरून स्वतःच मांडतो. वैमानिकाला तो बदलता येतो. मग दोन तोट्यांची दोन बटणे. दोन्ही तोट्या उघड्या असल्या आणि सगळे पंप चालू असले, तर मिनिटाला दोन ते अडीच टन इंधन बाहेर पडते. शंभर टन कमी करायला पाऊण तासाच्या आसपास लागतो. तेच इंधन नुसते घिरट्या घालून जाळायचे म्हटले तर बारा तासही पुरणार नाहीत.

या साध्या दिसणाऱ्या यंत्रणेची खरी कारागिरी मात्र ती काय करू देत नाही यात आहे. सोडलेले इंधन विमानाच्या कोणत्याही भागाला लागता कामा नये, त्याची वाफ आत शिरता कामा नये. झडप कोणत्याही क्षणी बंद करता आली पाहिजे. एका पंखातून इंधन गेले आणि दुसऱ्यातून गेले नाही, तरी विमान कलंडून धोक्यात येऊ नये. सर्वांत सुंदर अट टाकीच्या तळाशी आहे. मुख्य टाक्यांतून इंधन ओढणाऱ्या नळीचे तोंड तळापासून उंच ठेवलेले असते, त्यामुळे वैमानिक बटण बंद करायला विसरला तरी टाकी रिकामी होत नाही. समुद्रसपाटीपासून 10,000 फुटांपर्यंत चढून नंतर 45 मिनिटे उडता येईल, एवढे इंधन उरलेच पाहिजे असा नियम आहे. माणसाच्या स्मरणशक्तीवर न विसंबता नळीच्या उंचीवर विसंबणारा हा विचार फार शहाणपणाचा आहे.

बाहेर पडलेल्या इंधनाचे काय होते? विमानाचे इंधन म्हणजे शुद्ध केलेले रॉकेलच. वेगवान हवेत त्याचे बारीक तुषार होतात आणि खाली येता येता बहुतेक उडून जातात. म्हणून हवाई वाहतूक नियंत्रक अशा विमानाला शक्यतो 6,000 फुटांच्या वर, वस्ती टाळून, जमल्यास पाण्यावर पाठवतात. वादळी ढग टाळतात, इतर विमाने बाजूला दहा सागरी मैल आणि मागून आणखी दूर ठेवतात. मुंबईला अरबी समुद्र शेजारीच आहे. जयपूरला चहूकडे जमीन. त्यात सांगानेर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,260 फूट उंच, म्हणजे 6,000 फुटांतले हजारावर फूट आधीच खर्ची पडलेले. उन्हाळ्यातली हवा तुषार पटकन उडवते, जानेवारीच्या रात्री तेच थेंब जास्त खाली पोचतात. वाफ झाली म्हणजे इंधन नाहीसे झाले, असेही नाही. ते हवेतच राहते.

या वाफेचा स्फोट होईल ही भीती जयपूरकरांना वाटली तर नवल नाही. विमानतळाच्या दक्षिणेला सीतापुरा येथे 29 ऑक्टोबर 2009 रोजी इंडियन ऑइलच्या आगारात पेट्रोल गळून वाफेचा ढग पसरला, पेटला, 11 जण दगावले. पण ते पेट्रोल होते आणि ढग जमिनीलगत तासाहून अधिक वेळ साचला होता. विमानाच्या इंधनाची वाफ 38 अंशांच्या खाली सहजी पेटत नाही, आणि उंचावर ती साचण्याआधीच विरळ होते.

इंधन सोडण्यातली खरी अडचण आहे ती वेळेची. विमानात आग असेल तर पाऊण तास कुठून आणणार? 2 सप्टेंबर 1998 रोजी स्विसएअर 111 हे विमान धुरामुळे कॅनडातल्या हॅलिफॅक्सकडे वळले, तेव्हा वैमानिक इंधन सोडण्याच्या तयारीत गुंतले होते. विमान समुद्रात कोसळून 229 जण गेले. तपास अधिकाऱ्यांच्या मते थेट धावपट्टी गाठायचा प्रयत्न केला असता तरी ते पोचले नसते, पण या अपघाताने ‘धूर दिसला की आधी उतरा’ हा धडा पक्का झाला. उलटी घाईही महाग पडते. 14 जानेवारी 2020 रोजी लॉस एंजेलिसहून उडालेले डेल्टाचे 777 इंजिनातल्या बिघाडाने परतले. नियंत्रकाला न सांगता त्याने कमी उंचीवरच इंधन सोडले आणि ते शाळेच्या मैदानातल्या मुलांवर पडले. 4 नोव्हेंबर 2010 रोजी सिंगापूरहून उडालेल्या क्वांटासच्या ए380 विमानाचे इंजिन फुटले, तेव्हा तारांसोबत इंधन सोडण्याची यंत्रणाही निकामी झाली. विमान जडच उतरवावे लागले, आणि ते उतरले.

तोटीच नसलेल्या विमानांना वजन कमी करायचे असेल, तर घिरट्यांशिवाय मार्ग नसतो. 11 ऑक्टोबर 2024 रोजी तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या 737 मध्ये हायड्रॉलिक बिघाड झाला. दोन तासांहून अधिक काळ ते गावाभोवती फिरत राहिले, मग सुखरूप उतरले.

जयपूरच्या विमानतळाची कसोटी लागली ती मात्र इंधन कमी पडल्यामुळे. दिल्लीत धुके दाटले की तिकडची विमाने इकडे वळवली जातात. ती लांबून आलेली, टाक्या उतरणीला लागलेल्या. 5 जानेवारी 2014च्या रात्री इम्फाळ-गुवाहाटी-दिल्ली हे एअर इंडियाचे ए320 असेच जयपूरला आले आणि तोवर जयपूरवरही धुके उतरले. अहमदाबाद गाठण्याइतके इंधन उरले नव्हते. विमान धावपट्टीच्या डाव्या बाजूला मऊ जमिनीवर टेकले, पंख झाडांना आपटला. कोणाचा जीव गेला नाही. प्रवासाचे, पर्यायी विमानतळापर्यंतचे आणि वर आणखी अर्ध्या तासाचे इंधन, हा हिशेब उड्डाणाआधी कागदावर मांडलेला असतो. पर्यायी विमानतळच बंद झाला, तर त्यातला उरतो तो फक्त शेवटचा अर्धा तास.