तीन पक्षी, तीन ऋतू

फेब्रुवारी 1996मध्ये जपानात ‘पोकेमॉन’चे पहिले दोन खेळ बाजारात आले, ‘रेड’ आणि ‘ग्रीन’. निन्टेन्डोच्या ‘गेम बॉय’ या तळहाताएवढ्या यंत्रावर ते खेळायचे. गावोगाव आणि रानोमाळ हिंडायचं, नाना तऱ्हेचे प्राणी पकडायचे आणि प्राध्यापक ओक यांनी सोपवलेला प्राणिकोश पुरा करायचा, एवढंच खेळणाऱ्याचं काम. कोशात 151 नोंदी. त्यातल्या 144, 145 आणि 146 या क्रमांकांवर तीन पक्षी आहेत: हिमाचा आर्टिकुनो, विजेचा झॅपडॉस आणि अग्नीचा मोल्ट्रेस.

बाकीचे बहुतेक प्राणी गवतात पाऊल टाकलं की सापडतात, पुन्हापुन्हा सापडतात. हे तिघे तसे नाहीत. अख्ख्या खेळात प्रत्येकी एकच, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. आर्टिकुनो समुद्रातल्या बेटांखालच्या गुहेत, झॅपडॉस ओस पडलेल्या वीजकेंद्रात, मोल्ट्रेस शेवटच्या लढतीकडे नेणाऱ्या डोंगरी भुयारात. 2004मध्ये हेच खेळ नव्याने घडवले तेव्हा मोल्ट्रेसला ज्वालामुखीच्या बेटावर नेलं, आणि ते जास्त शोभलं. त्यांच्याबद्दल कोशात काय लिहिलंय ते पाहण्यासारखं आहे. बर्फाच्या डोंगरात वाट चुकून मरणाच्या दारी पोचलेल्यांना आर्टिकुनो दिसतो. झॅपडॉस ढगांतून विजा पाडत उतरतो. मोल्ट्रेस वसंताबरोबर दक्षिणेकडून येतो.

हे शेवटचं वाक्य लिहिणाऱ्याला पक्षी ठाऊक होते. ऋतू पालटतो तेव्हा आकाशातून कोणीतरी येतं, हे ज्यानं पाहिलंय त्यालाच असं सुचतं. या खेळाचा जनक सातोशी ताजिरी 1965 साली जन्मला आणि तोक्योच्या कडेला माचिदा या उपनगरात वाढला. लहानपणी त्याला किडे गोळा करण्याचा नाद होता. पुढं तिथली तळी आणि शेतं बुजवून इमारती उठल्या. शहरातल्या मुलांना शोधण्याचा तो आनंद परत मिळावा, या ओढीतून त्यानं हा खेळ रचला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडीसारख्या तालुक्यात बसून या तीन पक्ष्यांवर लिहावंसं वाटलं ते यामुळेच. त्या खेळानं ज्याची नक्कल केली, ते अस्सल रान आमच्याकडे अजून उभं आहे.

पक्ष्याच्या अंगी पंचमहाभूतं पाहण्याची रीत आपल्याला नवी नाही. उत्तर अमेरिकेतल्या अनेक मूळ जमातींच्या कथांत पंखांच्या फडफडाटातून गडगडाट करणारा पक्षी आहे. आपल्याकडे तर महाभारताच्या आदिपर्वात एकट्या गरुडाच्याच कथेत आग, पाणी आणि वीज तिन्ही भेटतात. विनतेच्या अंड्यातून गरुड बाहेर पडला तेव्हा त्याचं तेज पाहून देवांना वाटलं, अग्नीच भडकला. ते अग्नीला शरण गेले आणि हा मी नव्हे, असं अग्नीलाच सांगावं लागलं. पुढं आईला दास्यातून सोडवायला तो अमृत आणायला निघाला. अमृताभोवती आगीचं कडं होतं. गरुडानं हजारो मुखं धारण करून नद्यांचं पाणी आणलं आणि ती आग विझवली. परत निघताना इंद्रानं वज्र फेकलं. त्या विजेचा घाव त्याला लागला नाही. पण ज्या दधीचीच्या हाडांचं ते वज्र होतं, त्या ऋषीचा मान राखायला त्यानं आपलं एक पीस गाळलं. मला या सगळ्या कथेत ते पीस फार मोठं वाटतं. आणि रामायणातला संपाती? धाकटा जटायू सूर्याच्या तापानं होरपळू लागला तेव्हा त्यानं आपले पंख त्याच्यावर धरले. पंख जळाले आणि तो विंध्याच्या माथ्यावर पडला.

वैदिक अग्निचयनात तर वेदीच पक्ष्याच्या आकाराची रचतात, विटांचे पाच थर, पंख पसरलेला श्येन, आणि त्याच्यावर आग. अग्नीला पंख असावेत असं या भूमीवरच्या माणसांना हजारो वर्षांपूर्वी वाटलं होतं.

आता तालुक्याकडे येऊ. कोल्हापूरहून रत्नागिरीच्या रस्त्यानं निघालं की बांबवड्यापर्यंत ऊस सोबतीला असतो. मलकापूर सोडलं की हवा बदलते. आंब्याला पोचेपर्यंत दोन्ही बाजूंनी झाडी अंगावर येते आणि घाट उतरला की साखरपा, म्हणजे कोकण. उत्तरेला वारणा, मधून कडवी आणि कासारी, पश्चिमेच्या कण्यावर विशाळगड. चांदोली राष्ट्रीय उद्यानाचा काही भाग या तालुक्यात येतो. 2012मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या 39 जागांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात चांदोली आहे. डिसेंबर 2020मध्ये राज्य वन्यजीव मंडळानं ज्या संवर्धन राखीव क्षेत्रांना मान्यता दिली, त्यांत विशाळगड आहे.

या रानात अग्नीचा पक्षी शोधायचा तर माघ-फाल्गुनात यावं. उतारांवरचं गवत वाळून पिवळं पडलेलं असतं आणि कुठंतरी वणवा लागतो. लागतो म्हणण्यापेक्षा बहुतेक वेळा लावला जातो. जाळलं की पुढच्या वर्षी गवत जोमानं येतं, हा समज गावोगाव घट्ट आहे. कोवळे कोंब लवकर दिसतात हे खरं. पण उघडी पडलेली माती मृगाच्या सरींनी वाहून जाते आणि झाडांची रोपं एका दुपारीत संपतात. वनखातं जाळरेषा काढतं, गावकरी डहाळ्या घेऊन आग झोडपायला धावतात. अशा वेळी धुराच्या कडेला काळाभोर, दुभंगल्या शेपटीचा कोतवाल हजर असतो. आगीपुढं पळणारे नाकतोडे आणि टोळ तो हवेतल्या हवेत उचलतो. वेडे राघू येतात, वर घारी घिरट्या घालतात. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, ज्वाळेतूनच पक्षी उडाला. मोल्ट्रेसचं चित्र ज्यांना पाठ आहे त्या मुलांनी हे एकदा पाहावं. आणि त्याच आगीत जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची अंडी जातात हेही पाहावं. टिटवी आणि रातवा काही घरटं बांधत नाहीत, उघड्या जमिनीवर अंडी ठेवतात. टिटवीनं उंचावर अंडी घातली तर पाऊस जास्त, असं मानणारी माणसं अजून आहेत. ती अंडीच होरपळली तर अंदाज कशावर बांधायचा?

विजेच्या पक्ष्यासाठी वणव्याचा काळ मागं पडावा लागतो. वैशाखात दुपारनंतर पश्चिमेला ढग चढतात, वळीव कोसळतो, पहिल्या कडाक्यात गोठ्यातली जनावरं बिथरतात. याच दिवसांत पावश्या ओरडतो. ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असं त्याचं म्हणणं शेतकऱ्यानं पिढ्यान्पिढ्या ऐकलेलं आहे. आवाज पायरीपायरीनं चढत जातो, टिपेला पोचून तुटतो आणि पुन्हा सुरू. रात्रीबेरात्रीही ऐकू येतो. दिसायला तो शिक्र्यासारखा आहे, त्यामुळं लहान पाखरं त्याला घाबरतात. अंडी मात्र तो सातभाईंच्या घरट्यात घालतो.

त्याचाच नातलग चातक. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा. भारताच्या उत्तर आणि मध्य भागात उन्हाळ्याअखेर येणारे चातक आफ्रिकेतून अरबी समुद्र ओलांडून येतात, नैर्ऋत्येच्या मोसमी वाऱ्यांची साथ घेऊन. पावसाचं पाणीच पितो ही समजूत कवींनी वाढवली, पण पाऊस आणि तो बरोबर येतात हे शेतकऱ्याचं निरीक्षण खरं आहे. 2020मध्ये डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेनं दोन चातकांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली छोटी यंत्रं बसवली, त्यांची वाट नेमकी समजावी म्हणून. आपल्या आजोबांनी कान देऊन जे टिपलं, ते आता अवकाशातून तपासलं जातंय. मोल्ट्रेस दक्षिणेकडून वसंत आणतो ही कल्पना आहे. चातक नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर येतो, आणि तो खरा पक्षी आहे.

हिमाचा पक्षी शाहूवाडीत कुठून येणार, असं वाटेल. तो भाद्रपदात येतो, पाऊस पुरता ओसरलेला नसताना. करडा धोबी. पाठ राखी, पोट पिवळं, शेपूट लांब आणि ती सारखी वरखाली. उन्हाळ्यात तो हिमालयात, बर्फ वितळून वाहणाऱ्या ओढ्यांच्या काठी, दगडांच्या बेचक्यात पिलं वाढवतो. थंडी उतरू लागली की दक्षिणेला निघतो आणि सह्याद्रीत नेमके तसेच खडकाळ ओढे शोधतो. आंब्याच्या आसपासच्या वहाळांवर एकेकटा फिरताना दिसतो, दुसऱ्याला आपल्या काठावर फिरकू देत नाही. पायात कडी घालून केलेल्या अभ्यासांत असं आढळलंय की अनेक पक्षी हजारो मैल उडून वर्षानुवर्षं त्याच जागी हिवाळा काढायला परततात. एक पक्षी, एक ओढा. खेळातली ‘ठरलेली जागा’ इथं रोजच्या व्यवहारात आहे.

कोतवाल, पावश्या आणि धोबी हे तिघे आपल्या मुलांना ओळखता येतात का? 2002मध्ये केंब्रिजच्या अँड्र्यू बामफर्ड आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा अभ्यास छापला. ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना त्यांनी दोन प्रकारची चित्रं दाखवली, पोकेमॉनची आणि आसपासच्या साध्या प्राणी-वनस्पतींची. आठ वर्षांच्या मुलांनी जवळजवळ 80 टक्के पोकेमॉन बरोबर सांगितले. खऱ्या जिवांपैकी निम्मेच. अनेकांनी यावर मुलांना आणि खेळाला बोल लावला. मला त्यातून उलटं दिसतं. दीडशे नावं, त्यांचे गुण, कोण कुठं राहतो, कोण कुणावर मात करतो, हे सारं लहान डोक्यात सहज मावतं. मूल कमी पडत नाही. त्याला नावं सांगणारं माणूस घरात आणि शाळेत उरलेलं नाही.

भारतात पोकेमॉनची मालिका 2003मध्ये कार्टून नेटवर्कवर सुरू झाली. त्या काळात चिप्सच्या पुड्यांतून येणाऱ्या चकत्या गोळा केलेली मुलं आता तिशीत आहेत, त्यांतली किती तरी मलकापूरहून पुण्या-मुंबईला गेलेली. डिसेंबर 2016मध्ये ‘पोकेमॉन गो’ भारतात आला आणि खेळ खिशातल्या फोनवर आला. हा खेळ खऱ्या रस्त्यांवर चालून खेळायचा, त्यासाठी घराबाहेर पडावंच लागतं. 2017च्या जुलै-ऑगस्टमध्ये हे तीन पक्षी त्यात उतरले आणि त्यांना पकडायला अनोळखी माणसं एका चौकात जमू लागली. पण या खेळाचे थांबे जिथं वस्ती दाट आणि खेळणारे जास्त तिथं गर्दीनं आहेत, खेड्यात विरळ. नकाशावर शहर भरलेलं दिसतं आणि डोंगर रिकामा. विशाळगडाच्या वाटेवरचं रान या नकाशात ओसाड ठरतं, यासारखी उलटी गोष्ट नाही.

पहिल्या खेळात आणखी एक नियम होता आणि जुन्या खेळाडूंना तो चांगला आठवतो. या तिघांशी गाठ एकदाच. लढताना पक्षी बेशुद्ध पडला, म्हणजे तो गेला. त्या खेळात तो पुन्हा दिसणार नाही. म्हणून मुलं गुहेच्या तोंडाशी थांबून आधी खेळ जतन करत. चुकलं तर यंत्र बंद करायचं आणि तिथूनच पुन्हा सुरू करायचं.

जटायूच्या कुळाला ती सोय मिळाली नाही. मेलेलं ढोर गावाबाहेर टाकलं की तासाभरात गिधाडं उतरत, हे पन्नाशीपुढच्या कुठल्याही गावकऱ्याला विचारा. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत भारतातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी 99.9 टक्के संपली. कारण 2004मध्ये उघड झालं. जनावरांच्या दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफिनॅक मेलेल्या ढोराच्या मांसात राहतं, ते खाल्लं की गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होतं आणि ते काही दिवसांत मरतं. म्हशीला बरं वाटावं म्हणून दिलेलं इंजेक्शन, त्यात कुणाचाच वाईट हेतू नव्हता. 2006मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोचत राहिल्या, म्हणून 2015मध्ये कुपी तीन मिलिलिटरवर आणली. 2023मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅकही गुरांसाठी बंद केलं. मेलॉक्सिकॅम गिधाडांना बाधत नाही आणि गुरांना तेवढंच उपयोगी पडतं. धनगरवाड्यावरच्या माणसाला हे औषधाचं नाव माहीत असणं मला कुठल्याही अभयारण्याच्या पाटीपेक्षा मोलाचं वाटतं.

प्राणिकोश पुरा करण्याचं काम तर खऱ्या जगातही चालू आहे, आणि ते साध्या माणसांच्या हाती आहे. ‘ईबर्ड’ या मोफत ॲपवर कुणीही पाहिलेले पक्षी, जागा आणि वेळ नोंदवू शकतो. देशभरातल्या तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांनी केलेल्या अशाच नोंदींवरून 2023मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला. 942 जाती तपासल्या, त्यांतल्या 178 जातींकडे तातडीनं लक्ष द्यायला हवं असं ठरलं. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातले पक्षी मोजतात. आपल्याकडे हे दिवस नेमके वणव्याच्या तोंडावर येतात. आंबा, गजापूर, मलकापूर इथल्या शाळांनी त्या चार दिवसांत पंधरा-पंधरा मिनिटं जरी बाहेर काढली, तरी कोतवाल आणि करडा धोबी दोघेही यादीत येतील. धोबी अजून परत निघालेला नसतो. पावश्यासाठी मात्र वैशाखात पुन्हा यादी उघडावी लागेल.