मिंडी केलिंगला टीव्हीवर पाहिलं असेल, तर आता वाचाही!

'द ऑफिस'मधली बडबडी केली कपूर आठवते? ती भूमिका करणारी मिंडी केलिंग त्या मालिकेची लेखिकाही होती, वयाच्या 24व्या वर्षापासून. तिचं 2015चं 'व्हाय नॉट मी?' हे ललित लेखांचं पुस्तक तिशी ओलांडलेल्यांनी तर वाचाच. (2011चं पहिलंही धमाल आहे, पण हे जास्त मुरलेलं.)

सुंदर दिसण्याची गुपितं ती बिनदिक्कत फोडते: पडद्यावरचे ते दाट केस चक्क उसने! एका लेखात ती न्यूयॉर्कच्या शाळेतली लॅटिनची बाई होते आणि अख्खं प्रेमप्रकरण ईमेलमधून रंगतं.

माझा लाडका मात्र शेवटचा लेख. एका कार्यक्रमात एक मुलगी विचारते, एवढा आत्मविश्वास आणतेस कुठून? मिंडी थातुरमातुर बोलून वेळ मारून नेते. पण ते मनाला लागतं, म्हणून खरं उत्तर लिहायला बसते. त्यात 'स्वतःवर विश्वास ठेवा' छापाची गोडगोड भाषणबाजी नाही. आधी राबा, त्या लायकीचे व्हा, मग हक्काने मागा, असा रोखठोक मामला!

इंग्रजी वाचायचा कंटाळा येत असेल तर ऑडिओबुक ऐका, तिच्याच आवाजात आहे.