घरच्या घरी शिडाची होडी : सागवानाचा आग्रह

शिडाच्या कापडाचा विषय आजचा होता. अकोल्याच्या एका वाचकाच्या प्रश्नापायी तो पुढे ढकलतो आहे, कारण प्रश्न त्या तोडीचा आहे. मेळघाटचा सागवान परतवाड्याला हाताशी असताना होडीच्या अंगाला प्लायवूड कशाला? दाखलाही भारी दिला आहे: वाडियांनी मुंबईत सागवानात बांधून १८१७ साली पाण्यात लोटलेले ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलला शाबूत आहे. खरेच आहे. पण ते जहाज समुद्रावर नांदले. आपली होडी वर्षातले बहुतेक दिवस अंगणात पत्र्याखाली राहणार आणि काटेपूर्णेच्या किंवा अप्पर वर्धाच्या पाण्यात सुटीपुरती उतरणार. वऱ्हाडात लाकूड कुजण्याचे भय कमी, आकसण्याचे जास्त. मे महिन्यात आर्द्रता २० टक्क्यांवर आली की लाकडात जेमतेम ४-५ टक्के ओलावा उरतो. पावसाळ्यात तो १५-१६ टक्क्यांवर जातो. एवढ्या फरकाने १५० मिलिमीटर रुंदीची सागवानी फळी, कापानुसार, दीड ते तीन मिलिमीटर कमीजास्त होते. बैलगाडीच्या चाकाची धाव उन्हाळ्यात ढिली पडते ती याच हिशेबाने. प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने एकमेकांना धरून ठेवतात; तिथे हा फरक अर्ध्या मिलिमीटरच्याही आत राहतो.

फळ्या पाण्यात फुगतात आणि सांधे आपोआप मिळतात, असे यावर म्हणता येईल. मिळतात, पण होडी पाण्यात मुक्कामाला असेल तर. सकाळी उतरवून संध्याकाळी घरी आणायच्या होडीचे सांधे मिळेपर्यंत रविवार संपलेला असतो. मे महिन्यात सांधे ठासून भरावेत, तर पावसाळ्यात फुगलेल्या फळ्या एकमेकींना रेटून खिळे ढिले करतात. मग सागवानालाच इपॉक्सीचे कवच का नको? रत्नाकर दांडेकरांनी गोव्यात बांधलेली ‘म्हादेई’, जिच्यातून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तिचाही गाभा लाकडाचाच, वर फायबरग्लास. पण रुंद सागवानी फळी हलत राहिली की कवच सांध्यावर तडकते, आणि सागवानातले तेल इपॉक्सीला नीट धरू देत नाही.

प्लायवूड पाण्यात सुटते, ही तक्रार साध्या प्लायवूडपुरती रास्त आहे. आपल्याला आयएस ७१० हवे. त्याचा डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. नुसत्या शिक्क्यावर मात्र जाऊ नका. बाजारात तो फार स्वस्त झाला आहे. तुकडा मागून घ्या आणि घरी उकळून पाहा. कापलेल्या कडा इपॉक्सीने बंद केल्याशिवाय तेही टिकणार नाही.

सागवान काठाच्या पट्टीला आणि सुकाणूच्या दांड्याला जरूर वापरा. अरुंद तुकडा फारसा हलत नाही आणि घासणीला तो भक्कम आहे. फक्त चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसा आणि लगेच चिकटवा. तासाभराने तेल पुन्हा वर येते.