रोजा, गोळी आणि पत्त्याचा रकाना

कॉलेज सुटून घरी पोचायला उशीर झाला की माझा रोजा दादर स्टेशनाच्या पुलावरच सुटतो. फोनवर मगरिबची वेळ बघायची, पिशवीतला खजूर तोंडात टाकायचा, दोन घोट पाणी प्यायचे आणि गर्दीबरोबर खाली उतरायचे. गेल्या आठवड्यात जिन्याच्या पायाशी बसलेल्या एका तरुणापुढे मी उरलेले खजूर धरले. त्याने हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला. "रोजा नहीं है मेरा, सर. दवा चालू है," तो म्हणाला. चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा.

आजाऱ्याला रोजाची सूट आहे, हे मुसलमान घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. बरे झाल्यावर राहिलेले रोजे भरून काढायचे. आजार कायमचा असेल तर प्रत्येक रोजामागे एका गरिबाला जेवू घालायचे, त्याला फिदिया म्हणतात. आता जो स्वतःच इफ्तारच्या रांगेत उभा राहून जेवतो, त्याने फिदिया कुठून द्यावा? अल्लाह कुणावर त्याच्या कुवतीबाहेरचे ओझे टाकत नाही, असे मी त्याला म्हणालो. त्याने खजूर घेतला.

औषध एचआयव्हीचे होते. सुईने नशा करायचा, आता सोडली आहे, असे त्यानेच सांगितले. पूर्वी या आजारावरच्या गोळ्या बहुधा दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने घ्याव्या लागत. मुंबईतला रोजा तेरा-साडेतेरा तासांचा, त्यामुळे दोन्हींचा मेळ बसत नसे. आता सरकारी केंद्रांत बहुतेकांना तीन औषधे एकत्र असलेली एकच गोळी दिवसातून एकदा मिळते, तीही मोफत. प्रकृती ठीक असेल आणि डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, तर ती इफ्तारनंतर घेऊन रोजाही ठेवता येतो. हे त्याला कुणी सांगितले नव्हते. विचारायचे कुणाला, हाही प्रश्नच. मशिदीत आजार सांगायचा नाही आणि दवाखान्यात रोजाचे बोलायचे नाही, अशी आपल्याकडची रीत.

मग त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला. हिपॅटायटिस सीची पहिली चाचणी, 'रिअ‍ॅक्टिव्ह'. पाच महिन्यांपूर्वीची. हा विषाणू रक्तातून पसरतो. एकाच सुईने दोघांनी नशा केली की एचआयव्हीबरोबर हाही येतो. वर्षानुवर्षे काही जाणवत नाही आणि आतून यकृत खराब होत राहते. एचआयव्ही सोबत असेल तर अधिक वेगाने. पहिली चाचणी फक्त एवढेच सांगते की शरीराची या विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती. तो अजून रक्तात आहे का, हे दुसऱ्या चाचणीवरून कळते. त्या दुसऱ्या चाचणीला हा गेला होता. खिडकीवर ओळखपत्र आणि पत्ता मागितला. दोन्ही नव्हते. परत ये म्हणाले. तो परत गेला नाही.

आणि औषध तर आज आहे! बारा आठवडे रोज गोळ्या घेतल्या की शंभरातले पंचाण्णवहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. एचआयव्ही ताब्यात ठेवता येतो, हिपॅटायटिस सी चक्क जातो. २८ जुलै २०१८ पासून केंद्र सरकारच्या कार्यक्रमात त्याची तपासणी आणि औषधे मोफत आहेत.

हे औषध स्वस्त होण्याच्या गोष्टीत आपल्या मुंबईचा मोठा वाटा आहे. २००१ साली एचआयव्हीची औषधे पाश्चात्त्य कंपन्या वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलरना विकत होत्या, तेव्हा मुंबई सेंट्रलच्या सिप्लाचे डॉ. युसूफ हमीद यांनी तीच ३५० डॉलरना देऊ केली. ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते. दुसरी कमी जणांना माहीत आहे. गिरगावात ठाकूरद्वार रोडवरच्या 'संकल्प' या संस्थेचे काम फुटपाथवरच्या नशेकरी माणसांमध्ये. त्यांची माणसे हिपॅटायटिस सीने मरत होती. तेव्हाचे औषध म्हणजे रोश कंपनीचे इंजेक्शन, सहा महिन्यांचा खर्च चार लाखांच्या वर. संस्थेने थेट त्याच्या पेटंटला आव्हान दिले. मुद्दा आला की नशेकऱ्यांच्या संस्थेचा या पेटंटशी संबंध काय? कायद्याच्या भाषेत ती 'हितसंबंधी व्यक्ती' ठरते का? चेन्नईच्या बौद्धिक संपदा अपील मंडळाने ठरते असे मानले आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये ते पेटंट रद्द केले. औषध ज्यांच्या जिवाशी निगडित आहे, त्यांचा संबंध सर्वांत जवळचा, एवढी साधी गोष्ट.

त्या खिडकीवर मात्र हाच प्रश्न अजून विचारला जातो: तू कोण, कुठला?

'नॅको'च्या २०१७ च्या पाहणीत सुईने नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण ६.२६ टक्के होते. देशातल्या सर्व प्रौढांमध्ये ०.२२ टक्के. म्हणजे जवळपास अठ्ठावीस पट. औषधाची किंमत शून्यावर आली तरी ही दरी राहते, कारण दिवसाची मजुरी बुडते, हातावरचे व्रण बघून रांगेतले लोक सरकतात, आणि 'परत ये' हा शब्द ज्याला घर नाही त्याला वेगळा ऐकू येतो. एचआयव्हीग्रस्ताशी भेदभाव करायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. पण पुलाखालच्या माणसाला तो कायदा कुणी वाचून दाखवायचा?

आमच्या मोहल्ल्यांतही या आजाराला अजून गुनाहची सजा म्हणतात. मला हे पटत नाही. जकातीचे पहिले हकदार फकीर आणि मिस्कीन, म्हणजे गरीब आणि गरजू. त्यांना आजार कशाने झाला, हे विचारायची अट त्यात नाही. बचतीच्या अडीच टक्क्यांतून आपण धान्याची पाकिटे वाटतो, चांगलेच आहे. पण त्यातूनच कुणाचे टॅक्सीभाडे, बुडालेला रोज, ओळखपत्राचा फोटो निघाला तर दुसरी चाचणी होऊ शकते. बरोबर जायला माणूस लागतो. त्याला पैसेही लागत नाहीत आणि तो मुसलमानच असावा असेही नाही. एचआयव्हीबद्दल काही विचारायचे असेल तर १०९७ हा क्रमांक मोफत आहे. तोही त्याला ठाऊक नव्हता, आणि फोनही नव्हता.

सोमवारी माझे पहिले तास नाहीत. सकाळी आठला त्याच जिन्याखाली भेटायचे ठरले आहे. केसपेपरवर पत्ता काय लिहायचा, असे मी निघताना विचारले. तो जरा विचारात पडला.

"दादर लिखो ना, सर," म्हणाला. "नौ साल से यहीं हूँ."