पिट्सबर्गहून पत्र : मेलेला मासा आणि रेव्हरंड रॉजर्स

अलेघेनी नदीच्या काठी पाडलेल्या एका जुन्या पुलाचा दगडी खांब तेवढा उरला आहे. तिथे बुटाची नाडी बांधत बसलेल्या माणसाचा ब्राँझचा पुतळा आहे. नगरहून कुणी आलं की मी त्यांना आधी तिथे नेते.

हे फ्रेड रॉजर्स. १९६८ ते २००१ या काळात त्यांचा ‘मिस्टर रॉजर्स नेबरहुड’ हा मुलांचा कार्यक्रम अमेरिकाभर दिसायचा. नऊशेच्या आसपास भाग झाले आणि सुरुवात ठरलेली. गात गात दारातून आत यायचं, कोट काढून आईने विणलेला स्वेटर चढवायचा, बूट बदलायचे, टाकीतल्या माशांना खाऊ घालायचा. गाणी त्यांनीच रचलेली. जॉनी कॉस्टा स्टुडिओतच पियानोवर साथ करत.

१९७० च्या एका भागात टाकीतला एक मासा मेलेला निघाला. रॉजर्सनी त्याला मिठाच्या पाण्यात ठेवून पाहिलं. काही उपयोग झाला नाही, तेव्हा अंगणात पुरला. मग लहानपणी गेलेल्या आपल्या मिट्झी कुत्रीची आठवण सांगितली. सगळं सावकाश, मध्ये शांततेला जागा ठेवून.

तो भाग मी माझ्या नातवासोबत पाहिला आणि मला आमचं नगरचं घर आठवलं. आजोबा गेले तेव्हा मला मामाकडे राहुरीला धाडलं होतं. परत आले तर ओसरीतली त्यांची खाट उचललेली. विचारलं, तर म्हणाले, “गावाला गेलेत.” किती दिवस मी एसटीकडे डोळे लावून बसले होते!

रॉजर्स प्रेस्बिटेरियन पंथाचे दीक्षा घेतलेले पाळक. पण पडद्यावर त्यांनी प्रवचन केलं नाही. नगरकरांना इथे रेव्हरंड टिळक आठवतील. तेही ख्रिस्ती उपदेशक, आणि महाराष्ट्राला ठाऊक ते फुलामुलांचे कवी म्हणून. ‘केवढे हे क्रौर्य’मधली पिलांपाशी येऊन प्राण सोडणारी पक्षीण टिळकांनी मुलांपासून लपवली नाही. आमच्या वर्गात ती कविता शिकवताना बाईंचाही आवाज कापायचा. मुलाला दुःख पेलतं, फक्त जवळ कुणीतरी हवं, हे दोघांनाही कळलं होतं.

कल्पनेच्या राज्याबाबतही रॉजर्स असेच काटेकोर. खोलीतून एक छोटी ट्राम बोगद्यात शिरायची आणि पलीकडे राजा फ्रायडे, लाजाळू वाघोबा डॅनियल यांचं बाहुल्यांचं राज्य लागायचं. यातल्या बऱ्याच बाहुल्यांना आवाज रॉजर्सचाच, पण ते स्वतः त्या राज्यात कधी दिसत नसत. खरं कुठे संपतं आणि खेळ कुठे सुरू होतो, हे मुलाला कळावं म्हणून. बालमानसशास्त्रज्ञ मार्गारेट मॅकफार्लंड यांच्याशी ते नेमाने सल्लामसलत करत.

हे सगळं जाहिरातींविना चाले, आणि त्यासाठीचा पैसा हा इथला जुना वाद आहे. १९६९ साली सार्वजनिक प्रसारणाच्या दोन कोटी डॉलरना कात्री लागणार होती. रॉजर्स सिनेटच्या समितीपुढे काही मिनिटंच बोलले. राग आवरण्याविषयीच्या आपल्या गाण्याचे शब्द म्हणून दाखवले. अध्यक्ष पास्टोरे विरघळले, पैसे मिळाले. २०२५ च्या जुलैत मात्र काँग्रेसने पुढच्या दोन वर्षांचे मंजूर झालेले सुमारे ११० कोटी डॉलर काढून घेतले. ते वाटणाऱ्या महामंडळाने लगेच ऑगस्टमध्ये गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. सर्वांत मोठी झळ खेड्यापाड्यांतल्या छोट्या केंद्रांना, म्हणजे जिथे मुलांना दुसरं फारसं काही नाही तिथेच. मला हे फार लागलं.

आपल्याकडे मंडळाची पोरं गणपतीची वर्गणी मागायला दारात येतात, तशी इथली सार्वजनिक वाहिनी पडद्यावरून मागते. शेजारच्या ऐंशीच्या आजी दरमहा देतात. त्यांची मुलं रॉजर्स बघतच मोठी झाली. परवा त्यांनी आपला आकडा दुप्पट केला. फॉर्म भरायला चष्मा सापडेना म्हणून मला हाक मारली. त्यांचा भरून झाल्यावर मी माझाही भरला.