फ्लॅश कुणी टाकायचा?

२०१६ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ या व्हिडिओ गेमच्या जगात अ‍ॅस्ट्रालिस या डॅनिश संघाचं नाव निघालं की लोक हसायचे. नेमबाजी अव्वल, पण मोठ्या स्पर्धेत बाद फेऱ्या आल्या की पोरं कच खाणार, असा लौकिक. पुढच्या तीन वर्षांत याच संघानं चार ‘मेजर’, म्हणजे या खेळातल्या सर्वांत मानाच्या स्पर्धा, मारल्या: २०१७ ला अटलांटा, २०१८ ला लंडन, २०१९ मध्ये कातोवित्से आणि बर्लिन. शेवटच्या तीन तर ओळीनं.

पाच विरुद्ध पाच असा हा खेळ. एका बाजूनं बॉम्ब लावायचा, दुसरीनं तो लावू द्यायचा नाही. कुणी किती मारले याचा तक्ता पडद्यावर असतो आणि बघणारे तोच बघतात. अ‍ॅस्ट्रालिस समजून घ्यायचा तर आधी त्या तक्त्यावरून नजर काढा.

‘इन्फर्नो’ नकाशावर ‘बनाना’ नावाची एक वाकडी गल्ली आहे. तिथं समोरचा दबा धरून बसलेला. सरळ घुसेल तो मेला. म्हणून मागचा गडी भिंतीवरून फ्लॅश, म्हणजे डोळे दिपवणारा ग्रेनेड, टाकतो आणि तो फुटायला नि पुढच्यानं कोपऱ्याबाहेर पडायला एकच गाठ पडावी लागते. फ्लॅश लवकर फुटला तर समोरच्याचे डोळे सावरतात, उशिरा फुटला तर आपलाच माणूस आंधळा. टाकणाऱ्याच्या हातात त्या वेळी बंदूकही नसते. बळी मात्र पुढच्याच्या नावावर. कबड्डीत पकड एकाच्या नावावर लागते, साखळी धरणारे वेगळेच असतात, तसंच हे.

अ‍ॅस्ट्रालिसमध्ये हे काम बरंचसं आंद्रेयास हॉयस्लेटचं. खेळात त्याला ‘झिप’ म्हणतात. खेळात बंदुका घ्यायला पैसा मोजका असतो आणि संघातल्या ‘डिव्हाइस’सारख्या नेमबाजाची एडब्ल्यूपी ही स्नायपर बंदूक ४,७५० डॉलरची, तेव्हा कुणीतरी हलक्या बंदुकीवर भागवायचं. गंमत म्हणजे बाकी सगळे मेल्यावर एकट्यानं डाव काढण्यात हाच झिप पटाईत, म्हणून चाहत्यांनी त्याला ‘क्लच मिनिस्टर’ करून टाकलं.

ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘ग्लेव्ह’ म्हणजे लुकास रॉसांडर आयजीएल, म्हणजे खेळता खेळता डावपेच ठरवणारा कर्णधार, म्हणून आला. मिया स्टेलबर्ग ही फिनलंडची क्रीडा मानसशास्त्रज्ञही संघाबरोबर काम करू लागली. त्याच वर्षी नियम बदलला होता: सामना चालू असताना प्रशिक्षकानं बोलायचं ते टाइमआउटमध्ये, तेही तीस-तीस सेकंद. त्यामुळे कुठं जायचं, कधी थांबायचं, हे खेळणाऱ्यांनीच एकमेकांना सांगायचं, तेही दोन-तीन शब्दांत. अटलांटाची अंतिम लढत व्हर्टस प्रोविरुद्ध तिसऱ्या नकाशावर १६-१४ अशी जिंकली.

त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला मार्कुस केरबाय. वर्षभरानं, फेब्रुवारी २०१८ मध्ये, तो प्रतिस्पर्धी डॅनिश संघात निघून गेला. वाटलं, संपलं. त्याच्या जागी ‘मॅजिस्क’ आला आणि ओळीनं तीन मेजर आल्या त्या यानंतर. तारा गेल्यानं संघ बुडतो हे गृहीतक मला तेव्हापासून पटत नाही. बुडतो तो फ्लॅश टाकणारा थकला की.

आणि थकलेच. मे २०२० मध्ये ताणामुळे आधी ग्लेव्हनं रजा घेतली, मग झिपनं. डिसेंबर २०१९ मध्ये कोपनहेगनच्या शेअर बाजारात उतरलेल्या, अ‍ॅस्ट्रालिस चालवणाऱ्या कंपनीला तिच्या संघाचा मेंदू आणि कणा एकाच महिन्यात घरी पाठवावा लागला. दोघं त्याच वर्षी परतले. पण अ‍ॅस्ट्रालिसला पाचवी मेजर मिळाली नाही. चारही मेजर जिंकणाऱ्या संघातला ‘दुप्री’ आणि मॅजिस्क यांनी आपली पुढची मेजर २०२३ मध्ये पॅरिसला जिंकली ती व्हिटॅलिटी या फ्रेंच संघाकडून. अ‍ॅस्ट्रालिसमधला त्यांचा प्रशिक्षक ‘झॉनिक’च तिथंही प्रशिक्षक होता.